केंद्रकात काही नाही

कुत्रं मेलेलंच होतं. मला भीती वाटत होती ती ते घेऊन आलेल्या सुदामकाकांची. त्यांच्या बोटांवर दातांचे ओरखडे होते. काका पिशोरचे शेतकरी. कुत्र्याची लाळ गळायला लागली, तेव्हा घशात हाड अडकलं असं समजून त्यांनी त्याच्या तोंडात हात घातला होता.

"काका, आधी सुई घ्या," मी म्हणाले.

"चावलं कुठं मॅडम? हात तर मीच घातला. तुमचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघू."

आणि ते गावाला निघून गेले.

मी संभाजीनगरला जनावरांच्या रोगांच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. मेंदूचा ठसा काचेवर घेतला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली ठेवला. पेशीला घर म्हटलं, तर केंद्रक म्हणजे त्यातलं देवघर. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजारातही लाळ गळते, पण तो माणसाला होत नाही. त्या विषाणूचं प्रथिन देवघराबाहेर तयार होतं आणि आतही शिरतं, म्हणून डाग दोन्हीकडं दिसतात. रेबीजचे डाग मात्र बाहेरच.

एक तरी डाग आत दिसू दे, म्हणून मी स्लाइड पुन्हा पुन्हा सरकवली. दिसला नाही. दुसऱ्या टेस्टनंही रेबीजच सांगितला. लक्षणं सुरू झाली की माणूस हाती लागत नाही.

आमच्या सरांना शुद्ध मराठीत, मुळापासून समजावायची भारी हौस. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सुदामराव, डाग सगळे बाहेर आहेत. केंद्रकात काही नाही. म्हणून..."

"कळलं साहेब," म्हणून काकांनी फोन ठेवला.

सर खूश. मला ते 'कळलं' खटकलं. रेबीज हा शब्द सरांच्या तोंडून अजून निघालाच नव्हता. मी परत फोन लावत राहिले. शेवटी काकूंनी उचलला.

"केंद्रात काही नाय, बाहेर बघा, असं साहेब म्हनले ना? आरोग्य केंद्रात सुई नसंल. म्हणून हे पाला देणाऱ्या बाबाकडं गेले. फोन घरीच हाय."

"काकू, कुत्रं पिसाळलेलंच होतं. पाला नको, सुईच लागंल. माणूस पाठवा, आणि त्यांना इकडं मोठ्या दवाखान्यात आणा."

"मग साहेब खोटं बोलले व्हय?"

दवाखान्याच्या गेटवर मी उभी राहिले. काका येतात की नाही, याची धाकधूक होती. आले. तोंड पाल्यानं हिरवं झालेलं.

"बाबानं पथ्य सांगितलंय. सुई घ्यायची नाय," काका अडून बसले.

"पथ्य मी पाळते," काकू म्हणाल्या. "तुमी सुई घ्या."

जखमेत सीरम टोचलं, दंडात लस. पुढचे डोस काकूंनीच पुरे करून घेतले. काका आज ठणठणीत आहेत. तरी त्यांचा फोन वाजला की कितीतरी दिवस माझ्या काळजात धस्स व्हायचं.

आमच्या लॅबमध्ये आता फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "सुई घ्या." केंद्रकाचं कुणी विचारलं तर सांगायचं. अजून कुणी विचारलेलं नाही.