सगळ्यांत हळू चालणारी पुढे

शाळेत पीटीच्या तासाला मी मैदानाच्या कडेला गुलमोहराखाली बसायची. खेळायला जाणाऱ्या मुली आपली घड्याळं, कानातली, पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे देऊन जायच्या. मला आजार काही नव्हता. धावले की दम लागायचा, चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचे, आणि हे सगळं सगळ्यांच्या समोर व्हायचं. त्यापेक्षा घड्याळं सांभाळणं बरं. टीचरनाही ते सोयीचं वाटलं असावं. पुढे ती माझी जागाच ठरली.

महादेवपुऱ्याच्या ऑफिसातही मी खांबाआडचं टेबल निवडलं. शेजारी पुण्याहून आलेली एक मुलगी बसायची. मी मराठी आहे हे कळल्यावर तिला आनंद झाला, आणि मी बोलायला लागल्यावर हसू आलं. "तुझं मराठी फार क्यूट आहे गं. 'जातीस', 'येतीस'! कुठून आणलंस हे?" कुठून आणणार? आमचं घर कित्येक पिढ्या याच शहरात, चिक्कपेटेच्या बाजूला आहे. घरात मराठी, बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी. हे तिला सांगण्याऐवजी मी वाक्यं छोटी करत गेले.

तिला दर रविवारी डोंगर लागायचा. एका शुक्रवारी ती म्हणाली, "परवा तू येतेयस. विचारत नाहीये, सांगतेय."

निमित्त सुचायला मला वेळ लागतो. ते सुचेपर्यंत तिच्या ट्रेकिंगच्या ग्रुपला माझं नाव दिलं गेलं होतं.

घरी आईने विचारलं, "वर देऊळ आहे काय?"

"नाही."

"मग कशाला चढतीस? इथला जिना चढतानाच स्वल्प थांबतीस तू."

तरीही पहाटे उठून तिने भातावर फोडणी घालून, लिंबू पिळून चित्रान्न केलं आणि सगळ्यांत मोठा स्टीलचा डबा भरला. चार लोकांत जायचं तर एकटीपुरतं न्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. डोंगरावर डबा पाठीवरून न्यावा लागतो हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

कोरमंगलातून व्हॅन सुटली. त्या पुण्याच्या मुलीखेरीज मी कुणालाच ओळखत नव्हते. ग्रुप नेणारे गृहस्थ चाळिशीचे होते आणि सगळे त्यांना अण्णा म्हणत. रामनगराच्या पुढे एका उघड्या कातळाच्या बेट्टाखाली, म्हणजे डोंगराखाली, उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, की ऊन चढायच्या आत माथा गाठायचा. कातळ तापला की उतरताना हाल होतात. उशीर झाला तर जिथे असू तिथून सगळेच मागे फिरणार.

'सगळेच' हा शब्द माझ्या मनात अडकला. निदान कुणाची वाट अडू नये म्हणून मी मुद्दाम शेवटी राहिले.

झुडपांतली वाट संपून खडक लागला तेव्हा पुढचे दिसेनासे झाले होते. पाठीवर डबा हलत होता. मला कानात माझाच श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. पहिल्या सपाटीवर पोचले तेव्हा सगळे पाणी पिऊन, फोटो काढून ताजेतवाने बसले होते. मला बघताच ते उठले. "आली, आली! चला!" म्हणजे त्यांची विश्रांती माझी वाट बघण्यात झाली होती, आणि मी आल्यामुळे ती संपली होती.

दुसऱ्या टप्प्यावरही तेच झालं. अण्णा सूर्याकडे बघत होते. एक उंच मुलगा हिंदीत म्हणाला, "असंच चाललं तर आपण माथा फोनवरच बघणार." काहीजण हसले. त्याने वाईट हेतूने म्हटलं नसावं. पण हिशोब बरोबर होता.

मी अण्णांजवळ जाऊन कन्नडमध्ये सांगितलं, "मी इथेच बसते. उतरताना मला घ्या."

एवढं कन्नड पुण्याच्या मुलीलाही कळलं. ती लगेच म्हणाली, "नक्की? मग माझी सॅक ठेवतेस?" तिने सॅक माझ्या मांडीवर ठेवलीही. मागोमाग आणखी एक आली. मी त्या नीट लावून ठेवत होते. हाताला ते काम माहीत होतं.

अण्णांनी ते पाहिलं. "इथे कुणी बसायचं नाही, सावली नाही," ते म्हणाले. सॅका उचलून ज्याच्या त्याला परत दिल्या आणि माझ्या पाठीवरचा डबा काढून त्या उंच मुलाच्या बॅगेत कोंबला. मग मला म्हणाले, "तू पुढे. माझ्या मागे तू, तुझ्या मागे बाकीचे. हिला कुणी ओलांडायचं नाही."

"अण्णा, मग दुपार होईल," उंच मुलगा म्हणाला.

"होऊ दे. सरी? ठीक आहे?"

मला नको होतं. आयुष्यभर टाळलं होतं ते नेमकं हेच, सगळ्यांच्या नजरेसमोर हळू असणं. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. मी चालू लागले.

अण्णा छोटी पावलं टाकत होते, आणि थांबत नव्हते. मी त्यांच्या टाचांवर नजर ठेवली. थोड्या वेळाने मागून आवाज येऊ लागले. गप्पांचे नव्हे, श्वासांचे. उंच मुलगा धापा टाकत होता. पुण्याची मुलगी, "आमच्याकडे शाळेतली पोरं सिंहगड चढतात," असं खालपासून सांगत आली होती. आता तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. सगळ्यांना दम लागतो हे मला माहीत नव्हतं. मी नेहमी ते बसलेले असताना पोचत आले होते.

आणखी एक कळलं. मागच्यांना माझी फक्त पाठ दिसत होती. चेहरा कुणालाच दिसत नव्हता, कुणी काही विचारत नव्हतं, तरी इतकी माणसं सोबत होती. अशी सोबत मला आवडते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढच्या सपाट्या आम्ही न थांबताच मागे टाकल्या. माथ्यावर पोचलो तेव्हा कातळ कोमट होता, तापला नव्हता. अण्णांनी त्यावर तळहात ठेवून पाहिला आणि मान हलवली. उंच मुलाने डबा काढला. "यात दगड भरलेत का?" उघडल्यावर मात्र त्याने दोनदा घेतलं. पुण्याची मुलगी म्हणाली, "पिठलं-भाकरी नाही, पण चालेल."

"तुमच्या सिंहगडावर कोण वाढतं?" मी विचारलं. "इथं घरून आणतो आम्ही. घेतीस काय अजून?"

ती हसली आणि तिने हात पुढे केला.

उतार मी बराचसा बसून उतरले. घरी आईने पँटचा मागचा भाग बघितला. "पडलीस?"

"नाही. बसून आले."

"पुन्हा जाणार आहेस?"

"डबा स्वल्प लहान दे," मी म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी डोंगर दुसरा होता, माणसंही बरीचशी नवी होती. पायथ्याशी अण्णांनी विचारलं, "सगळ्यांत हळू कोण चालतं?" जो तो बुटांच्या नाड्यांकडे बघू लागला. मी शेवटी उभी होते. मी त्यांच्या मधून वाट काढत पुढे गेले आणि अण्णांच्या मागे जाऊन उभी राहिले.