कुस्कोची पुरचुंडी आणि आईचे अनारसे

मंडळी, आज सकाळी बायको-लेकीसह पेरूहून दुबईला परतलो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून ग्रुपवर लिहितोय.

कुस्को हे तिथलं डोंगरावरचं जुनं शहर. खाली इंकांचे दगडी पाये, वर स्पॅनिश चर्च. पण बघणार काय? उंचीमुळे माझं डोकं फुटत होतं आणि लॉजच्या मालकीणबाई रोज कोकाच्या पानांचा, म्हणजे ज्यांच्यापासून कोकेन बनतं त्या पानांचा, चहा पुढे करायच्या. तिथे सगळेच पितात. आपल्या दुबईत ती पानं सापडली तर सरळ जेल. मी कपाला हातसुद्धा लावला नाही.

निघताना बाईंनी बायकोला एक पुरचुंडी दिली, आणि तिने ती बॅगेत टाकली. मला हे विमानात कळलं. पानंच असणार!

दुबईला उतरल्यावर कस्टम्सने बॅग उघडली तसा मी स्वतःहून बोललो, "सर, ये हमारा नहीं है, होटलवाली ने दिया."

ऑफिसरने गाठ सोडली. भाजलेला मका.

"बाबा, इट्स जस्ट कॉर्न!" लेक ओरडली. ऑफिसर हसला, "खलास, यल्ला." म्हणजे झालं, निघा.

बर दुबई भागातल्या आमच्या घरी आल्यावर बायकोने माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डबा काढला. आईने पुण्याहून पाठवलेले, प्रवासात खाऊन उरलेले दोन अनारसे. वर खसखस. अफूचं बी म्हणून इथे बंदी असलेली खसखस! तो डबा मी चार विमानतळांवर छातीशी धरून फिरलो होतो.

अनारसे आत्ताच फ्लश केले. आता बाईंचा मका खात बसलोय. खरं सांगा, घरून आलेला डबा तुम्ही कधी तपासता का?