रिकामा प्लॉट

स्कोफिल्ड्समधले आमचे ऑस्ट्रेलियन शेजारी युनिव्हर्सिटीत अमेरिकेचा इतिहास शिकवतात. लॉकडाउनमध्ये त्यांचा ऑनलाइन वर्ग गॅरेजमधून चाले आणि कुंपणाअलीकडे मीही फुकटात शिके. ‘रिकामं’ हा शब्द ऐकला की सर खवळायचे.

समोरच्या रिकाम्या प्लॉटवर मी लावलेली मेथी तरारली, तेव्हा मास्क हनुवटीवर ओढून ते म्हणाले, "पश्चिमेला सगळं रिकामंय, असंच अमेरिकाही म्हणाली! मग तिथल्या लोकांना हाकललं, मेक्सिकोशी युद्ध केलं, कापूस लावला आणि राबायला गुलाम नेले."

"सर, मेथीच आहे हो."

"सुरुवात अशीच होते!" म्हणत त्यांनी स्वतःसाठी जुडीभर उपटली.

"आणि तुम्ही घेतलात तेव्हा तुमचा प्लॉट कसा होता?"

सर हातातल्या मेथीकडे बघून खो-खो हसले.

"रिकामाच होता, मेट."