माझ्या तोंडून बोलणारे गायवाले साहेब

गायवाले साहेब कुणाच्याही घरी जेवायला गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे. पाहुण्याला हात धुवायला पाणी द्यावं, पंख्याखाली बसवावं, ही आपली पद्धत. हे साडेसहा फुटी गृहस्थ चौकटीला डोकं आपटून घेत थेट शेगडीपर्यंत जायचे, स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिचं नाव विचारायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. पेणला पहिल्या दिवशी आमच्या पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नीने, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. साहेबांनी नाव विचारलं तशा त्या भाकरी थापायच्या थांबल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. पंचवीस वर्षं त्या पेणमध्ये पाळकीणबाई म्हणून वावरल्या. त्यांचं नाव कुसुम आहे हे मलासुद्धा त्या दिवशी कळलं.

साहेब न्यूझीलंडचे. तिकडे त्यांच्या गाई होत्या आणि गाईंचं दूध काढून झालं की उरलेल्या वेळात ते चर्चमध्ये उपदेश करत. कुणी ओळख करून घेतली की ते खिशातला फोन काढून आधी गाईंचे फोटो दाखवत, म्हणून ते आमचे गायवाले साहेब झाले. पेण आणि रोहा इथल्या आमच्या छोट्या मंडळ्यांना ख्रिस्ती विवाह आणि कुटुंबजीवन या विषयावर शिकवायला ते आठ दिवस आले होते. ते इंग्रजीत बोलणार आणि मी शेजारी उभा राहून मराठीत सांगणार, असं ठरलं होतं.

माझी निवड का झाली ते सांगायला हवं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचतो, आणि आमच्या पाळकांच्या मते माझं घर आदर्श ख्रिस्ती घर होतं. त्या आदर्श घरात तेव्हा मी एकटा राहत होतो. माझी बायको शैला चार महिने झाले रोह्याला, म्हणजे नदीपलीकडच्या अष्टमीला, आपल्या आईकडे निघून गेली होती. मी सगळ्यांना सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. पहिला महिना लोकांनी हळहळ व्यक्त केली. चौथ्या महिन्यात शेजारचे काका म्हणाले, "सर, एवढ्यात तर नवा पाय फुटला असता."

शैला का गेली, तर माझ्या शहाणपणामुळे. तिने ग्रंथपालाचा कोर्स केला होता आणि नागोठण्याच्या एका शाळेत अर्ज दिला होता. तिचा फोन तेव्हा बिघडलेला होता, म्हणून नंबर माझा दिला होता. शाळेतून फोन आला, जागा तुमच्या मिसेसना द्यायची आहे. मी एका क्षणात विचार केला की सकाळी माझा डबा कोण करणार, आणि "त्यांना जमणार नाही" असं सांगून फोन ठेवला. तिला काही बोललो नाही. आठ दिवसांनी तिने स्वतः शाळेत जाऊन चौकशी केली तेव्हा तिथल्या क्लार्कने सांगितलं की तुमच्या घरूनच नकार आलाय. ती घरी आली, बॅग भरली, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता एसटीत बसली. असा हा मनुष्य लोकांना संसार शिकवायला साहेबांच्या शेजारी उभा राहिला.

साहेबांची दुसरी सवय म्हणजे दुपारी बाराचा फोन. तिकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असे. प्रार्थना चालू असो की चहा, बाराला ते बाजूला जाऊन बायकोला फोन लावत आणि ती काय जेवली ते विचारत. एकदा मी विचारलं, रोज एवढं काय बोलता? ते म्हणाले, "जेवण, गाई आणि पाऊस. मोठ्या गोष्टी संसारात वर्षाकाठी दोनदा घडतात. बाकीचे दिवस कुणीतरी भरून काढायला लागतात." मग त्यांनी माझ्या बायकोचं नाव विचारलं. मी नाव सांगितलं आणि पाठोपाठ गुडघाही सांगितला. साहेबांनी वहीत दोन्ही लिहून घेतलं, गुडघ्यासाठी रोज प्रार्थना करू म्हणाले, आणि खरंच करू लागले. सासूबाईंचे गुडघे ठणठणीत होते. त्या रोज पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जात.

हमरापूरला आम्ही त्यांना गणपतीच्या मूर्ती रंगवणारं एक घर दाखवायला नेलं होतं. घरातली बाई मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती आणि नवरा तिच्या हाताशी बसून, तिने न मागता, हवा तो ब्रश पुढे करत होता. साहेब अर्धा तास तिथून हलले नाहीत. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "मी इतक्या लांबून उगीच आलो." मी हे वाक्य माझ्या भाषांतरात कधीच घेतलं नाही, कारण मग माझंही काम उगीच ठरलं असतं.

भाषांतराच्या बाबतीत मी स्वतःला कलावंत समजत असे. साहेब हळू आवाजात चार शब्द बोलत, मी त्यांचे चाळीस करून हात उंचावून सांगत असे. जिथे अडचण असेल तिथे मी जरा मऊ करत असे. ते म्हणाले, जेवणानंतर भांडी पुरुषांनी घासावीत. मी म्हणालो, पुरुषांनी सवड मिळेल तसा घरकामात रस घ्यावा. पुरुषांनी माना डोलावल्या. सभेत एक परिचारिका होती, तिला इंग्रजी कळत होतं. तिने नंतर साहेबांना सगळं सांगितलं.

साहेब रागावले नाहीत. चहा पिताना म्हणाले, "मी बोलतो तेवढंच सांग. आणखी एक. मी माझ्या चुका सांगतो तेव्हा तू 'साहेब म्हणतात की त्यांनी असं केलं' असं सांगतोस. ती शेजारच्या घरची कागाळी वाटते. मी 'मी' म्हटलं की तूही 'मी' म्हण. माझा माणूस होऊन बोल." हे मला पटलं. दुसऱ्याच्या चुका आपल्या म्हणून सांगण्यात कसला आलाय त्रास.

पेणच्या पहिल्या चार सभा झाल्यावर आम्ही रोह्याला गेलो. सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. शैला येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि ती यावी असंही फार वाटत होतं. गाणं संपलं तेव्हा ती आईबरोबर येऊन शेवटच्या रांगेत बसली. माझा आवाज, जो शेवटच्या रांगेत पोचतो, तो पहिल्या रांगेतही जाईना.

साहेबांनी त्या दिवशी आपली साक्ष दिली, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट सांगितली. त्यांच्या बायकोने एक वासरू बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती गाय साहेबांनी तिला न विचारता विकली. "मी माझ्या बायकोची गाय विकली," मी म्हणालो. "मी तिला विचारलं नाही, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं," साहेब म्हणाले. मी म्हणालो, "मी तिला विचारलं नाही," आणि शेवटच्या रांगेकडे बघितलं. साहेब थांबले. मग मी पुढे बोललो, पण ते साहेबांचं वाक्य नव्हतं. मी म्हणालो, "तिला नोकरी लागली होती. फोन माझ्याकडे आला. मी तिला न सांगता नाही म्हटलं. मला माझ्या डब्याची काळजी होती. तिने दोन वर्षं अभ्यास केला होता आणि मी अर्ध्या मिनिटात तो पुसून टाकला." आणखीही बरंच बोललो. साहेबांचं एक वाक्य आणि माझी पाच मिनिटं. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या. मी गप्प झालो तेव्हा साहेब खाली वाकून हळूच म्हणाले, "मी काय काय बोललो?"

सभेनंतर जेवण एका आत्याबाईंच्या घरी होतं. शैला आईला घेऊन कधीच निघून गेली होती. आत्याबाईंनी साहेबांच्या ताटात मासा वाढला आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "सर, सायबांना विचारा, बायको एवढी शिकलेली हाय, तर तिला नोकरी का नाय करू दिली? आन् वर तिची गाय पन इकली? बाईमानसानं एका जल्मात किती सोसायचं?" आजूबाजूच्या चारपाच बायका व्हय व्हय म्हणाल्या.

मला हे इंग्रजीत सांगावं लागलं. साहेबांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघून विचारलं, "नोकरीचं मी कधी केलं?"

"चार महिने झाले," मी म्हणालो.

त्यांना सगळं कळलं. ते उठले, आत्याबाईंसमोर मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "त्यांना सांग, माझी चूक झाली. मला लाज वाटते." मी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरं बरं, जेवा आता." माझ्या पापाची माफी त्यांनी मागितली आणि त्यांना माशाचा दुसरा तुकडा मिळाला. मी मात्र पाणी पिऊन उठलो. गाडीत मी काही बोलू लागलो तर ते म्हणाले, "माझ्याशी नको. माझं तुझ्याकडे काही येणं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाचा फोन आला. चार महिन्यांतला पहिला.

"काल गाय त्यांची होती. बाकीचं तुमचं होतं ना?"

"हो."

"मग त्यांच्या नावावर का खपवलंत? हॉलच्या दारात बायका मला सांगत होत्या, साहेब वाईट, सर किती छान बोलले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रविवारी पेणला स्वतःच्या नावाने सांगा. मी येणार नाही. कुणीतरी कळवेल मला."

रविवारी साहेबांची पेणमधली शेवटची सभा होती. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते व्यासपीठावर आले, खुर्ची मागे ओढून बसले आणि मला खुणेने पुढे केलं. मी मोजून तीन वाक्यं बोललो. सासूबाईंचा गुडघा चांगला आहे. शैला माझ्यामुळे गेली आहे. तिची नोकरी मी घालवली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लहान भाषण. लोक चकित होतील असं वाटलं होतं, पण शेजारचे काका म्हणाले, "आमाला ठाऊक व्हतं, सर. तुमीच सांगाल म्हनून थांबलो व्हतो." साहेब दुसऱ्या दिवशी गेले. निरोप घ्यायला ते माझ्या घरी आले. निघताना त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या घराच्या चौकटीला शेवटचं डोकं आपटून घेतलं.

तीन आठवड्यांनी शैला परत आली. मी नागोठण्याच्या शाळेत जाऊन हात जोडून सांगितलं होतं की नकार माझा होता, तिचा नव्हता. पण जागा भरली गेली होती, आणि पुन्हा निघाली नाही. शैला त्याबद्दल एकदाच बोलली, नंतर नाही. डबा आता मी करतो. एवढ्यावर हिशेब मिटला असं मी धरून चाललो होतो. शिकवणीत बसून काही न शिकणारी मुलं असतात, मला आता त्यांचा राग येत नाही.

गेल्या आठवड्यात न्यूझीलंडहून पत्र आलं. साहेब वारले. ते वाचून मी खुर्चीत बसूनच राहिलो. आठ दिवसांची ओळख, पण सख्खा मोठा भाऊ गेल्यासारखं वाटलं. पत्र त्यांच्या बायकोचं होतं. मी ते शैलाला मराठीत सांगू लागलो, तर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. त्या बाईंनी लिहिलं होतं, "रोह्याच्या बायकांनी त्याला कसं झापलं ते त्याने मला सांगितलं. मी खूप हसले. मी कधी नोकरीसाठी अर्जच केला नव्हता. तो हसला नाही. म्हणाला, 'ती चूक माझी नव्हती, पण माझी असू शकली असती. तुझं असं काही राहून गेलंय का, जे मी कधी विचारलंच नाही?' मी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी मी 'हो' म्हटलं. आता मी आठवड्यातून तीन दिवस मुलांना चित्रकला शिकवते. शेवटपर्यंत तोच मला सोडायला येत होता."

शैलाने पत्र घडी करून टेबलावर ठेवलं.

"तुम्ही माफी मागितलीत," ती म्हणाली. "शाळेत जाऊन आलात. डबा करता. पण हा एवढा एक प्रश्न तुम्ही मला अजून विचारलेला नाही."

मी विचारलं. इतका चाचरत मी साहेबांच्या शेजारीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

तिनेही दोन दिवस मागून घेतले आहेत. आज पहिला आहे.