तिचा रकाना

"आधी बर्फ बघायचा. मानूस मग."

असं म्हणत काका माझ्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर नखाने टकटक करायचे. मग बगलेतलं परीक्षेचं पॅड काढून माझ्यापुढे ठेवायचे. ते पॅड दुकानात आलं की वर्ष संपत आलं हे मला कॅलेंडर न बघता कळायचं.

मनवेलपाड्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. तुमच्याही गल्लीत असं एखादं असेलच. आम्ही दुकानवाले माणसांना चेहऱ्यापेक्षा कागदांवरून जास्त ओळखतो. कुणाच्या पोरीचं स्थळ फिरतंय, कुणाला घर बदलायचंय, सगळं आमच्या काचेवरून जातं. पण काकांच्या कागदासारखा कागद माझ्याकडे दुसरा कधी आला नाही.

पहिल्या वर्षी त्यावर लिहिलं होतं, 'छत्रीवाली. खुर्चीवरचे दोघे. कंदील आनि म्हातारा. झाडूवाला विदूषक.' अशी बारा नावं, आणि पुढे दहापैकी मार्कांचे दोन रकाने, 'मी' आणि 'ती'.

"काका, हे काय आहे? नाटक बसवताय?"

"नाय हो ताई. यंदाचे बर्फावरचे खेळ. मला न् हिला आवडलेले. नीट छापून द्या. दोन प्रती."

पायात पात्याचे बूट घालून बर्फावर घसरत नाचतात, ते खेळ. त्यातही स्पर्धा त्यांना आवडत नसे. "तिथं परीक्षक बसल्येत, पोरं घाबरून नाचतात," असं त्यांचं म्हणणं. स्पर्धा संपल्यावर दिवे मालवून, एकाच झोताच्या उजेडात जे मजेसाठी नाचतात, किंवा अख्खं नाटकच बर्फावर उभं करतात, ते काकांचे लाडके. खरी नावं शोधून घालू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कशाला? ते मला कुठं नावानं ओळखतात?"

माणूस राजोडीकडचा. उभी हयात किनाऱ्यालगतच्या बर्फाच्या कारखान्यात गेली. मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढून ओढून उजवा खांदा कायमचा खाली आलेला. निवृत्त झाल्यावर मनवेलपाड्यात फ्लॅट घेतला, टीव्ही आला, आणि एका दुपारी जेवताना चॅनल बदलता बदलता त्यांना बर्फावर नाचणारी मुलगी दिसली. हातातला घास हातातच राहिला, असं ते सांगत. "चाळीस वर्षं बर्फ उचलला ताई. त्याच्यावर कोन नाचतं, हे कोनी सांगितलंच नाय!"

बर्फ पाहून गप्प बसणं त्यांना जमत नसे. दुकानासमोर गोळेवाल्याची गाडी लागायची. त्याची लादी उजेडात धरून काका त्याला सुनवायचे, "आतून पांढरी दिसतेय. पानी गोठताना त्यात हवा नीट खेळवली नाय. नितळ बर्फ कसा पायजे, पलीकडचा मानूस दिसला पायजे." गोळेवाला बिचारा यांना पाहिलं की लादीवर गोणपाट ओढायचा.

दुसऱ्या वर्षी काकू बरोबर आल्या. माहेर आगाशीचं, बारीक चणीच्या, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. शाळांच्या स्नेहसंमेलनाचे कपडे त्या घरी शिवून द्यायच्या. त्यामुळे काका बर्फ बघायचे आणि काकू शिलाई. आणि काकूंचा स्वतःचा एक नियम होता.

"यांना सांगा ताई," त्या मला म्हणाल्या, "ही निळ्या झग्यातली पडली, तरी हसत उठली. जो पडून हसतो त्याला एक मार्क जादा. यांनी तिला चार दिल्येत."

"बर्फ खरखरीत होता म्हनून पडली. चूक बर्फाची."

"मग बर्फाचे कापा. पोरीचे कशाला कापता?"

मी टाइप करायचं सोडून हसत बसले. त्या दिवशी बारा खेळांपैकी एकाचेही मार्क दोघांचे जुळले नाहीत, आणि दोघेही त्यावर खूश होते. प्रिंट निघाल्याबरोबर काकांनी कागद गालाला लावला. ही त्यांची जुनी सवय. जन्मभर गार वस्तू हाताळलेल्या माणसाला गरम कागदाचं अप्रूप असणारच. "गरम आहे," ते म्हणाले आणि काकूंच्याही गालाला लावायला गेले. काकूंनी लाजून त्यांचा हात झटकला.

तिसऱ्या वर्षी ते एकटे आले. काकू पावसाळ्यात गेल्या होत्या. कागदावर मात्र दोन रकाने होतेच, 'मी' आणि 'ती', आणि दोन्ही भरलेले.

मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "तिनं किती दिले असते ते मला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं ऐकून घेतलंय." मग एका ओळीवर बोट ठेवून चक्क चिडले. "हे बघा, या शिडीवाल्याला नऊ! झब्ब्यावर जरीकाम होतं, बस्स, दिले नऊ. बर्फ बघायला नको हिला." मला हसू आलं आणि लगेच गेलं. काकूंची दुसरी प्रत आता कुठे जाणार हे त्या दिवशी कळलं. काकूंच्या फोटोच्या मागे, चौकटीत सरकवून ठेवणार म्हणाले.

चौथं वर्ष तसंच गेलं. पाचव्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली.

यादी त्या वेळी लांबली होती आणि तक्ता पानाबाहेर जात होता. टाइप करताना लक्षात आलं, दोन्ही रकान्यांतले आकडे एकच आहेत. सात आणि सात, पाच आणि पाच, खालपर्यंत. मी सरळ एक रकाना काढून टाकला, दुसऱ्याला 'मार्क' असं नाव दिलं आणि सगळं एका पानात बसवलं. आपण किती हुशार, असंही मनात आलं.

काकांनी गरम कागद गालाला लावला, मग वाचला.

"तिचा रकाना कुठाय?"

"दोन्ही सारखेच होते काका, म्हणून एकच ठेवला."

"सारखे?" त्यांनी पॅड ओढून घेतलं. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं. मग ते स्टुलावर बसले.

"ती माझ्याशी इतकं कधी जमवून घेत नव्हती," म्हणाले. "म्हनजे तिच्या नावानं मीच देत बसलोय. ती काय म्हनली असती, ते आता ऐकूच येत नाय मला."

"दोन-चार आकडे बदलून देऊ का?" असं मी मूर्खासारखं विचारलं.

"नको. ते खोटं होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही बघाल का? पुढच्या वर्षीचे. तुमचे मार्क द्या. बरोबर, चूक, कसेही द्या. माझ्याशी भांडायला कोनतरी पायजे."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

पुतण्याकडून ते मोबाइलवर व्हिडिओ पाठवायला शिकले. दर आठ-पंधरा दिवसांनी एक यायचा आणि त्याखाली त्यांचा आवाज, "ताई, हा कंदीलवाला परत आला यंदा. बर्फ बघा, काय नितळ आहे." दुपारी येऊन स्टुलावर बसायचे. "बघितलं?" "आज बघते काका." "सावकाश बघा, घाई नाय." पुन्हा काही दिवसांनी, "बघितलं?" शाळांच्या प्रवेशाची गडबड आहे, असं मी सांगायचे. खरं सांगते, वेळ होता. दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, मी मोबाइलवर मालिकाच बघत बसायचे. त्यांच्या खेळांना हात लावला नाही इतकंच. एकदा लावला की ते रोज येऊन बसतील, अशी भीती वाटायची. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

दिवाळीनंतर एकदा आधार कार्डाची प्रत काढायला आले. कागद गालाला लावला, "गरम आहे" म्हणाले आणि निघाले. "बघितलं?" असं विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

डिसेंबर संपत आला, पण पॅड आलं नाही. एक दिवस त्यांचा पुतण्या आला. पन्नाशीचा, घाईत असलेला माणूस. "दहा प्रती," म्हणाला आणि कागद दिला. काचेवर ठेवताना वरचा मथळा वाचला, मृत्यूचा दाखला, आणि मग नाव. वीस दिवस होऊन गेले होते. झोपेतच गेले म्हणाला, त्रास झाला नाही.

मी पॅडचं विचारलं. "ते होय? रद्दीत काढलंय. हवंय तुम्हाला?" संध्याकाळी त्याने आणून दिलं.

त्यात यंदाची यादी होती. अकरा ओळी, थरथरत्या अक्षरात. पहिला रकाना 'मी', भरलेला. दुसऱ्यावर लिहिलं होतं 'ताई', आणि खाली काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि एकेक व्हिडिओ लावला. आधी बर्फ बघितला, सांगितल्याप्रमाणे. सातव्या ओळीत 'दोन ताटंवाला' होता. एक म्हातारा बर्फावर टेबल मांडतो. दोन खुर्च्या, दोन ताटं. समोरची खुर्ची रिकामीच. तिच्याभोवती घिरट्या घालत तो एकेक पदार्थ वाढतो आणि शेवटची वाटी आणताना आपटतो. वाटी लांब जाते. तो गुडघ्यावर उठतो, रिकाम्या खुर्चीकडे बघून हसतो आणि पुन्हा वाढायला लागतो.

काकांनी त्याला तीन मार्क दिले होते. पुढे लिहिलं होतं, 'पडला. बर्फ खराब.'

"तीन?" मी दुकानात एकटीच मोठ्याने ओरडले. "काका, याला तीन?"

मी नऊ दिले. पडून हसला म्हणून आणखी एक. मग उरलेले सगळे बघितले, सगळ्यांना मार्क दिले आणि तक्ता टाइप केला. दोन्ही रकाने ठेवले. एकही आकडा जुळत नव्हता. यासाठी मुद्दाम काही करावं लागलं नाही.

सवयीने दोन प्रती निघाल्या. पहिली पॅडला लावली. दुसरी कुणाला द्यायची ते कळेना. गालाला लावली, गरम होती. तशीच हातात धरून उभी राहिले, ती गार होईपर्यंत.