व्हेलचे तारणहार नव्हेत, मधुकाका

मधुकाका गेल्याची बातमी मला ज्या वाक्यातून कळली, त्या वाक्यातच चूक होती. सप्टेंबरमधला शनिवार होता. मी किचनमध्ये घेवडा मोडत बसले होते, तेवढ्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर सुधीरचा मेसेज आला. ‘व्हेल वाचवणारे मराठी शास्त्रज्ञ डॉ. मधुकर सोवनी यांचे आज पहाटे झोपेत निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मराठी होते, बरोबर. डॉक्टरेट होती, तेही बरोबर. पहाटे झोपेत... ते खरं असणार हे कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या मुलीचा, मंजिरीचा फोन आला आणि मी खूप रडले. पण रडतानाही ‘व्हेल वाचवणारे’ हे दोन शब्द डोक्यात खुपत राहिले. काकांनी हे वाचलं असतं तर उठून बसले असते आणि सुधीरला फोन लावला असता.

त्याला दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, फक्त जे खरं आहे तेवढंच.

काकू गेल्यावर काका उत्तर ओहायोतलं घर विकून इथे ओहायोतल्याच डब्लिनला, मंजिरीपासून दोन गल्ल्या सोडून, माझ्या शेजारच्या घरात राहायला आले. मी विमा कंपनीत आकडेमोड करते. कोणत्या वयाच्या माणसाच्या गाडीला अपघात होण्याची शक्यता किती, असली कामं. आमची ओळख गाडीमुळेच झाली. मी ड्राइव्हवेवरून जुनी व्हॅन रिव्हर्स घेत होते, ती एक हिसका देऊन थांबली, आणि कुंपणापलीकडून आवाज आला, “ट्रान्समिशन फ्लुइड कधी बदललंस?” मी म्हटलं, आठवत नाही. “गाडीला आठवतंय,” ते म्हणाले. मग काठी टेकत आले, डिपस्टिक काढायला लावली, तेल बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “जळलंय. एके काळी यात व्हेल असायचा, तुला माहितीये?” मला वाटलं, एकटे राहतात, काहीतरी बोलतायत.

ते काहीतरी नव्हतं. मिरजेचा हा मुलगा साठच्या दशकात शिकायला इथे आला, पीएच.डी. झाल्यावर वंगणात घालायची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागला, आणि तिथे त्याच्यापुढे स्पर्म व्हेलच्या तेलाचं पिंप आलं. हे तेल खरं म्हणजे पातळ मेण असतं. तापलं, दाबलं तरी लवकर खराब होत नाही. त्यात गंधक मिसळून ऑटोमॅटिक गाड्यांच्या ट्रान्समिशनमध्ये घालत, म्हणजे गिअर हिसका न देता बदलतो. तेल वेगवेगळ्या देशांच्या बोटींवरून यायचं आणि अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये जायचं. काकांनी घरी पत्रात लिहिलं, तेलाच्या कंपनीत आहे. आईनं विचारलं, कसलं तेल? त्यांनी कळवलं, एका मोठ्या माशाचं. व्हेल मासा नसतो, पण मिरजेला तेवढं चालून गेलं. आईचं उलट पत्र आलं, “शेंगदाण्याचं चालत नाही का तुमच्या त्या गाड्यांना?” हे सांगताना काका दरवेळी हसायचे आणि दरवेळी शेवटी म्हणायचे, “अख्ख्या कंपनीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.”

“माझी नोकरी व्हेल वाचवायची नव्हती गं,” ते म्हणायचे. “व्हेल गाडीत नीट बसवायची होती. आणि मी चांगला बसवत होतो.”

मग १९७० साली अमेरिकेनं स्पर्म व्हेल धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि ते तेल बाहेरून आणणं बंद झालं. काका सांगायचे, कंपनीत कोणी आनंद वगैरे साजरा केला नाही. मीटिंगमागून मीटिंग. देशातल्या गाड्या रस्त्यात बंद पडतील, हे तेल निसर्गानंच बनवावं, माणसाला जमणार नाही, असं मोठमोठे लोक छातीठोकपणे सांगत होते. “आणि मीही मान डोलवत होतो. नुसती डोलवत नव्हतो, तक्ते काढून दाखवत होतो.” बंदी हटणार नाही असं दिसल्यावर लॅबला हुकूम आला की पर्याय शोधा. तो सापडला कशात? डुकराच्या चरबीत. तिच्यावर गंधकाची प्रक्रिया करून, वर आणखी काय काय मिसळून. सोवळ्याओवळ्याच्या घरातला, अंडंही न खाणारा हा माणूस कित्येक महिने डुकराची चरबी शिजवत होता. सुरुवातीची काही वर्षं ट्रान्समिशनच्या तक्रारी वाढल्या, मग हळूहळू मिश्रण सुधारलं, आणि गाड्यांत कधी व्हेल होता हे लोक विसरूनही गेले.

काका या सगळ्याचं सार एकाच वाक्यात सांगायचे. “आधी कायदा आला, मग आम्हाला अक्कल आली. हा क्रम उलटा सांगायचा नाही.”

पण क्रम उलटाच सांगितला जातो, आणि आमच्या मंडळात तो हौसेनं सांगितला जातो. सुधीर आमचा अध्यक्ष. मनाचा मोठा माणूस, कोणाच्याही घरी अडचण आली की डबा घेऊन पहिला हजर. पण मराठी माणसानं काहीही केलेलं असलं तरी त्यानं जग वाचवलं असं त्याला वाटतं. एका पाडव्याच्या जेवणात तो काकांच्या शेजारी बसून म्हणाला, “काका, बंदीबिंदी जाऊ द्या. रॉकेल आलं आणि व्हेल वाचले, एवढी सोपी गोष्ट आहे. मार्केटनंच प्रॉब्लेम सोडवला. आणि पुढचं तुम्ही सोडवलंत.”

काकांनी पुरी ताटात ठेवली. “रॉकेल कधी आलं?”

“अठराशे पन्नास-साठ धरा.”

“आणि सगळ्यात जास्त व्हेल कधी मारले?”

काका माझ्याकडे वळले. “सांग गं, आकडेवाली.”

मी सांगितलं, कारण मी ते आधी तपासून ठेवलं होतं. विसाव्या शतकात. संशोधकांचा अंदाज एकोणतीस लाखांच्या आसपास आहे. अंदाज आहे, मोजणी नाही, हेही सांगितलं. रॉकेल आल्यानंतरच्या शतकात. मार्गारीन नावाच्या नकली लोण्यासाठी, साबणासाठी, यंत्रांसाठी.

“त्या बोटी कशावर पळत होत्या रे सुधीर? शिडांवर?” काका म्हणाले. “आधी कोळसा, मग तुझं ते पेट्रोलियम. जोरात पळणारा व्हेल शिडाच्या बोटीला सापडत नव्हता, तो इंजिनाला सापडला. म्हणे तेलानं वाचवले!”

“काका, तुम्ही पण ना यार, सणाचा मूड घालवता.”

“माझाही गेलाय. श्रीखंड वाढ.”

सुधीर हार मानणारा नव्हे. श्रीखंड वाढता वाढता म्हणाला, “मग ते अलास्कातले आदिवासी? ते तर आजही मारतात. त्यांना कोणी काही बोलत नाही.”

“ते खातात. गावभर वाटून खातात, आणि किती मारायचे ते ठरवून दिलेलं असतं,” काका म्हणाले. “आपण कशाला मारले? गिअर बदलताना साहेबाची कॉफी हिंदकळू नये म्हणून.”

टेबलावर सगळे हसले, काका हसले नाहीत. मीही हसले नाही, कारण हे मला पटलं नव्हतं. परत येताना गाडीत मी त्यांना म्हटलं की व्हेलच्या बाजूनं पाहिलं तर कोण खातं आणि कोण गाडीत ओततं, यानं काय फरक पडतो? मरायचं ते मरायचंच. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वाद घाल. घालायलाच हवा. पण दोन्ही एकाच रकान्यात टाकू नकोस. तुमच्या विमा कंपनीत चूल पेटणं आणि घर पेटणं एकच धरतात का?” मला अजूनही त्यांचं सगळं पटलेलं नाही. पण तेव्हापासून मी रकाने वेगळे ठेवते.

गेल्या वर्षी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. निमंत्रण घेऊन सुधीर घरी आला तेव्हा मी तिथेच होते. मानपत्रात ‘व्हेलचे तारणहार’ असं छापायचं होतं. काकांनी कागद वाचून परत दिला. “आधी डुकरांना विचारून ये,” म्हणाले. सुधीरला वाटलं, विनय आहे. तो गेल्यावर काकांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “मी गेल्यावर हा मला व्हेलच्या पाठीवर बसवणार बघ. तू तेवढं थांबव.”

मी म्हटलं, “बघते.”

“बघते नको. थांबवते म्हण.”

“थांबवते,” मी म्हणाले.

शोकसभा लायब्ररीच्या हॉलमध्ये झाली. मंडळी भरपूर जमली होती. मंजिरी पहिल्या रांगेत बसली होती. सुधीरनं फोटो दाखवले. मिरजेचे, लॅबमधले, काकूंबरोबरचे. आणि शेवटचा फोटो काकांचा, मागे पाण्याबाहेर उसळी मारणारा व्हेल. तोही स्पर्म व्हेल नव्हता, दुसऱ्याच जातीचा होता. सुधीरनं जाहीर केलं की दरवर्षी एका विद्यार्थ्याला डॉ. सोवनी ‘व्हेलमित्र’ पुरस्कार देण्यात येईल. टाळ्या झाल्या. मंजिरी रडत होती आणि त्या रडण्यात मला अभिमान स्पष्ट दिसत होता. मी उभी राहिले.

मी फार बोलले नाही. काकांनी व्हेल वाचवले नाहीत असं सांगितलं. कायद्यानं त्यांच्या हातातलं तेल काढून घेतलं, मग त्यांनी आपलं काम चोख केलं, आणि हे ते स्वतः प्रत्येकाला सांगत होते. पुरस्कार जरूर द्या, पण हे नाव नको, असं म्हटलं, आणि असलं काही थांबवायला ते मलाच सांगून गेले होते, असंही सांगितलं. हॉलमध्ये कोणीतरी “आत्ताच का?” असं पुटपुटलं. माझ्याकडे उत्तर होतं. आत्ता नाही तर कधी? पुढच्या वर्षी ते छापलं गेलं असतं, त्याच्या पुढच्या वर्षी ते कुठल्यातरी मुलानं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं असतं, आणि मग तो इतिहास झाला असता.

पार्किंगमध्ये मंजिरीनं मला गाठलं. “बाबांचं एवढं एक कौतुक होत होतं गं. तेही तुला बघवलं नाही?”

“कौतुक कर ना. खऱ्याचं कर.”

“तुला खरं प्यारं. मला बाबा.” ती गाडीत बसली आणि निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही, मेसेज नाही. काका इथे आले तेव्हापासूनची आमची बारा-तेरा वर्षांची मैत्री. माझ्या नवऱ्यानंही विचारलं, एवढ्यासाठी? मी म्हटलं, हो, एवढ्यासाठीच.

कारण हे ‘एवढं’ नाही. आजही कशावरही बंदी घालायची म्हटली की तीच माणसं तेच बोलतात. गाड्या बंद पडतील, याला पर्यायच नाही, बाजारावर सोडा, कोणीतरी हुशार माणूस वेळेवर शोध लावेल. त्यांना पुराव्यादाखल एक हुशार माणूस हवा असतो. माझ्या शेजारच्या माणसाला मी तो पुरावा होऊ देणार नाही. आयतं मिळालेलं श्रेय त्यानं स्वतःच्या तोंडानं नाकारलं होतं, मानपत्र हातात असताना. मी एवढ्या सभांना गेले, पण असं करणारा दुसरा माणूस पाहिलेला नाही. सत्कार करायचा तर याचा करा.

गेल्या रविवारी दाराची बेल वाजली. मंजिरी होती. हातात बूट ठेवायचा खोका. आत आली नाही. “घर विकायला काढलंय. गॅरेज रिकामं करतेय,” ती म्हणाली. “हे विकायला कायद्यानं बंदी आहे. फेकवत नाही. तूच ठेव.” खोक्यात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली काचेची बाटली होती, मी ओळखलीच. पायऱ्या उतरताना ती वळली. “सुधीरला सांगितलंय. पुरस्काराला बाबांचं नुसतं नाव. पुढे-मागे काही नको.”

“चहा घेतेस?” मी विचारलं.

“आज नको,” ती म्हणाली. आज नको, एवढंच म्हणाली.

ती बाटली काकांनी लॅब सोडताना बरोबर आणली होती. बंदीच्या आधीचा शेवटचा नमुना, फिकट पिवळा, पाण्यासारखा स्वच्छ. त्यांच्या गॅरेजच्या फळीवर असायची. थंडी वाढली की त्यातलं मेण गोठायला लागतं आणि तेल ढगाळतं. दर नोव्हेंबरात एखाद्या सकाळी कुंपणापलीकडून हाक यायची, “ये गं, थंडी आली बघ,” आणि आम्ही दोघं कोट घालून गॅरेजमध्ये उभे राहून ती बाटली बघायचो. अशाच एका सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, “यात किती व्हेल असतील? सांग, आकडेवाली.” मी म्हटलं, एक. ते म्हणाले, बोटीवरच्या टाकीत सगळ्यांचं तेल एकत्र व्हायचं. एकाचा थेंब असेल, चाळिसांचा असेल. मी म्हटलं, मग मोजता येणार नाही. “नाही येणार,” ते म्हणाले. “पण म्हणून तिथे शून्य लिहायचं नाही.”

बाटली आता माझ्या गॅरेजमध्ये आहे, बर्फ हटवायच्या स्नो ब्लोअरच्या वरच्या फळीवर. आज सकाळी पाहिलं तर तळाशी पांढरं साकळायला लागलं होतं. हातात धरली असती तर उबेनं पुन्हा स्वच्छ झाली असती. मी धरली नाही. फोटो काढला, आणि मंजिरीला पाठवला. खाली लिहिलं, थंडी आली बघ.