डेक्कन म्हणजे काय
जुन्या पाकिटावर इंग्रजीत छापलेलं ‘हैदराबाद डेक्कन’ दिसलं आणि निजामाच्या काळातली परभणीची शाळा आठवली. इंग्रजीचे मास्तर ‘डेक्कन’चा अर्थ विचारत होते. झरी या आमच्या गावाहून माझ्यासाठी हुरडा घेऊन आलेले माझे वडील, आबा, दारातूनच म्हणाले, “दख्खन म्हंजी दक्षिण. तिकडं तोंड करून जेवत न्हाईत.” वर्ग हसला. मी ताडकन उठलो, “चूक. डेक्कन म्हणजे पठार. आमच्या आबांना इंग्रजी येत नाही.” हुरड्याचं गाठोडं उंबऱ्यावर ठेवून आबा निघून गेले. मग मास्तरांनी डिक्शनरी उघडून मूळ अर्थ वाचला: दक्षिण. आबांना मी हे कधीच सांगितलं नाही. आता पितृपक्षात दक्षिणेकडे तोंड करून त्यांच्या नावानं पाणी सोडतो. ओंजळ रिकामी होते, पण ‘तुमचंच खरं होतं’ एवढं काही तोंडातून निघत नाही.